खोकल्यावरचे घरगुती उपाय : आपल्या भागातील अनुभव

खानापूरकडचा पाऊस बेळगावात उतरला की आमच्या घरात ओले कपडे आठवडाभर वाळत नाहीत आणि कुणाची ना कुणाची ढास रात्री साऱ्या घराला जागे ठेवते. आपण स्वतः करून पाहिलेले उपाय, त्यांचे प्रमाण आणि ज्याने गुण आला नाही तेही सर्वांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती. आरंभ मी करते. कोरड्या खोकल्यावर आम्ही झोपताना एक चमचा मध देतो. घशाला ओलावा मिळतो आणि मुले शांत झोपतात. मात्र एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, कारण त्यात कधीकधी असणारे जिवाणूंचे बीजाणू बाळाच्या कोवळ्या आतड्यात वाढून विष तयार करतात. आमच्याकडे बाळगुटी मधातच उगाळत असत. जावेच्या बाळाच्या वेळी मी ते थांबवले, तेव्हा सासूबाई नाराज झाल्या. पण डॉक्टरांनी समजावल्यावर त्यांनीच मधाची बाटली वरच्या फळीवर ठेवली.

कणकुंबी परिसरातून :
आमच्या परसात कुंपणालाच अडुळसा आहे. आज्जी त्याची सात-आठ पिकली पाने धुऊन तव्यावर मंद आचेवर उलटसुलट करीत असे. कच्चे पान कितीही चुरगळले तरी त्यातून रस निघत नाही. तव्यावर ते काळपट होऊन मऊ पडले की फडक्यात पिळल्यावर हिरवट, अतिशय कडू रस थेंबाथेंबाने वाटीत उतरतो. तो एक चमचा रस तेवढ्याच मधात कालवून ती सकाळ-संध्याकाळ देई. छातीत कफ घट्ट बसला असेल तर तो सुटतो, असा माझा अनुभव आहे. कोरड्या ढासेवर मला त्याचा उपयोग झाला नाही. अडुळशातील व्हॅसिसिन या घटकावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, हे कळले तेव्हा मला आज्जीची फार आठवण आली. गरोदर बाईला मात्र अडुळसा देऊ नये, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते.

चिकोडीहून :
आमच्याकडे गुऱ्हाळाचा गूळ आणि सुंठ यांची बोराएवढी गोळी चघळतात. घसा खवखवत असेल तर आधी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात.

बेळगाव, शहापूरहून :
मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. माझा कोरडा खोकला काही केल्या जात नव्हता, म्हणून मी महिनाभर रोज ज्येष्ठमधाची कांडी चघळली आणि रक्तदाब मात्र वाढून बसला. ज्येष्ठमध जास्त काळ घेतल्यास असे होते, हे मला तेव्हाच समजले. खोकल्याचे मूळ तर माझ्या रक्तदाबाच्या गोळीतच होते. डॉक्टरांनी ती बदलून दिल्यावर तीन आठवड्यांत घसा मोकळा झाला.

निपाणीहून :
आमच्या आईने तंबाखूच्या वखारीत 22 वर्षे काम केले. तिथल्या खकाण्याने खोकला यायचाच, असे घरातील सर्वांनी धरून ठेवले होते, त्यामुळे ती खोकू लागली तेव्हा आम्ही हळदीचे दूध, ओव्याची पुरचुंडी, तुळशीचा काढा हे सर्व दीड महिना प्रेमाने केले. ती वाळत चालली होती, संध्याकाळी अंग कोमट लागत असे, तरी आमचे लक्ष काढ्याकडेच राहिले. अखेर शेजारच्या आशाताईंनी थुंकी तपासायला लावली आणि क्षयरोग निघाला. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिला तर ही तपासणी करायची असते आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत होते, हे आम्हाला ठाऊक असते तर तिचा एक महिना वाचला असता. सहा महिने औषध न चुकता घेऊन ती बरी झाली. हळदीचे दूध आजही आमच्या घरी होते, पण खोकल्याचा पहिला दिवस मी आता कॅलेंडरवर लिहून ठेवते.