मदत हवी आहे : शनिवारी बाबांना फुटबॉल मॅचला न्यायचंय, सीट कुठली आणि जेवायला कुठं?

रंकाळाकाठ :
कोणीतरी लगेच सांगा, तिकिटं आज-उद्यात काढायची आहेत. बाबा पहिल्यांदाच जपानला आलेत, पुढच्या शनिवारी त्यांना मॅच दाखवायचीय आणि त्या दिवशी आपलं जेवण पोटात गेलंच पाहिजे. माणसानं जन्म कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर काढलाय, पाटाकडील-दिलबहार मॅच असली की दुकानाचं शटर खाली. इथं येऊन आठ दिवस झाले, नुसता दहीभात खातायत. काल विचारलं तर म्हणाले, "मला काय, काहीही चालतंय." लै वाईट वाटलं. गोलच्या मागची सीट स्वस्त दिसतेय, घेऊ का?

निशीकासाईकर :
डोळे झाकून टोकियोत निशी-कासाईला या. मेट्रोच्या तोझाई लाइनवर उतरलं की थाळी, डोसा, किराणा सगळं हाताशी. आपले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये इथूनच, म्हणजे एदोगावा वॉर्डातून नगरसेवक म्हणून निवडून आले, यावरून ओळखा आपली वस्ती किती आहे. मॅचला साइतामा स्टेडियम, 60 हजारांच्या वर माणूस बसतं. फक्त उरावा-मिसोनो स्टेशनपासून वीसेक मिनिटं चालावं लागतं, काकांचे गुडघे कसे आहेत?

दोन_वाटी_भात :
शनिवार म्हणजे उपास आहे का नुसतं नॉनव्हेज नाही? कांदा-लसूण चालतो? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

रंकाळाकाठ :
उपास नाही हो, शनिवार धरतात. मटण, मासे, अंडं बंद. कांदा-लसूण पाहिजेच, चटणी गावाहून आणलीय त्यांनी. गुडघे दुखतात, जिना हळू चढतात. आणि टोकियो कुठनं आलं मधी? मी ओसाकात असतो.

निशीकासाईकर :
अरे भावा मग ते आधी लिहायचं! तरी पण या, शिनकान्सेननं अडीच तास, मुक्कामाला आमच्याकडे राहा.

बालेवाडी_पूर्व_स्टँड :
जपान आणि फुटबॉल म्हटलं की मला अराता इझुमीच आठवतो. वडील भारतीय, आई जपानी, पुणे एफसीकडून बालेवाडीला खेळायचा. जपानचं नागरिकत्व सोडून आपलं घेतलं आणि भारताकडून खेळला. काकांना विचारा, त्यांना नक्की माहीत असणार.

रंकाळाकाठ :
माहीत आहे त्यांना, पण दादा त्याचा वेगळा धागा काढा की. मला सीट सांगा.

हानक्यू_लोकल :
टीम कुठली ते अजून सांगितलंच नाहीस. ओसाकाच्या दोन आहेत. गांबा असेल तर सुइता, मोनोरेलनं बानपाकु-किनेन-कोएन. सेरेझो असेल तर नागाई, हानवा लाइनवर त्सुरुगाओका.

रंकाळाकाठ :
स्पेनचा इनिएस्ता खेळायचा ती.

हानक्यू_लोकल :
ती ओसाकाची नाही, कोबेची, व्हिस्सेल. आणि इनिएस्ता 2023 लाच गेला, बाबांना आधीच सांग, तिथं जाऊन शोधत बसतील. टीम मात्र दमदार आहे, 2023 आणि 2024 दोन्ही वर्षं लीग जिंकली. गोलच्या मागं अजिबात घेऊ नको, तिथं सगळे ढोल वाजवत पूर्ण मॅच उभे असतात, तू बसलास तर पुढच्याची पाठच दिसेल. बाजूच्या स्टँडची घे, होमच्या भागात, आणि समोरच्या टीमच्या रंगाचा शर्ट नको. कोबेतल्या सान्नोमियाहून सबवेच्या काइगान लाइननं मिसाकी-कोएन, स्टेशनपासून जवळच आहे. सकाळी कोबेतच कितानोला जा. मोत्यांच्या धंद्यातली आपली माणसं कोबेत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांचं जैन मंदिर आहे तिथं, त्या भागात व्हेज जेवण मिळतं. शनिवारी उघडं आहे का ते फोन करून विचार. चढ आहे, टॅक्सी कर.

दोन_वाटी_भात :
स्टेडियमवर उमेबोशीची ओनिगिरी घ्या, म्हणजे आत खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा, प्युअर व्हेज.

मासळीबाजार :
प्युअर कसली, बऱ्याच ओनिगिरीत कात्सुओ माशाचा अर्क असतो, पाकिटाच्या मागं वाचा. कितीतरी वर्षं मी पण व्हेज समजून खात होते.

दोन_वाटी_भात :
ताई, एवढं बघत बसलं तर जपानमध्ये माणूस उपाशी मरेल.

मासळीबाजार :
त्यांनी शनिवार धरलाय, तुम्ही नाही. रंकाळाकाठ, घरनं डबा ने. जे-लीगच्या, म्हणजे इथल्या फुटबॉल लीगच्या, बहुतेक स्टेडियममध्ये घरचं खाणं चालतं, क्लबच्या साइटवर एकदा बघून घे. कॅन आणि काचेची बाटली मात्र आत नेता येत नाही, गेटवर कागदी कपात ओतून घ्यायला लावतात. प्लास्टिकच्या बाटलीतून ताक ने.

रंकाळाकाठ :
बाजूच्या स्टँडची दोन काढली. साइटवर माझं कार्ड तीनदा नाकारलं, शेवटी कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, रोख भरून आलो. बाबांना सांगितलं, इनिएस्ता नसतोय. म्हणाले, "नसूदे, मॅच किती वाजता सुरू होते?" आणि दशम्यांना पीठ पुरेल का बघायला स्वतःच उठून किचनमध्ये गेले. शेंगदाण्याचा डबा हलवून बघत होते.

निशीकासाईकर :
पीठ कमी पडलं तर सांग, पार्सल करतो.