मदत हवी आहे: यादीतला मधलाच भाग का विसरतो?

मंडळी, राज्यसेवेचा अभ्यास करतोय, दिवसभर नवी पेठेतल्या अभ्यासिकेत. घटनेची १२ परिशिष्टं पाठ करताना कायम एकच घोळ. पहिली तीन, म्हणजे राज्यं, पगार-भत्ते, शपथा, झोपेतून उठवलं तरी सांगेन. शेवटची पक्षांतरबंदी, पंचायती, नगरपालिका पण पटापट येतात. पण चार-पाच-सहा आलं की राज्यसभेच्या जागा, अनुसूचित क्षेत्रं आणि आसाम-मेघालय वगैरे सगळ्याची नुसती भेळ. सातवं मात्र मधे असून पक्कं, केंद्रसूची-राज्यसूची सारखी समोर येते म्हणून असेल.

शोधलं तर हे सगळ्यांचंच होतं म्हणे. १९६२ मध्ये मर्डॉक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांना शब्दांच्या याद्या ऐकवून आठवतील ते लिहायला लावले, आलेखात दोन्ही टोकं वर आणि मधे खड्डा. पण तिथे कुठल्याही क्रमाने लिहिलं तरी चालत होतं, मला ‘जोड्या लावा’च्या प्रश्नाला नंबरच हवा ना! रूममेट म्हणतो उलटं म्हण, बारा ते एक. अरे पण मधलं मधेच राहणार, त्याची जागा कुठे बदलली? कोणाकडे दुसरा उपाय आहे का?

प्रतिसाद १: उलट्याचं बरोबर पकडलंस. पण शेवटची तीन खरंच पाठ आहेत की आत्ताच वाचली म्हणून येतायत ते आधी बघ. ग्लान्झर आणि क्युनिट्झने १९६६ मध्ये यादी संपल्यावर लोकांना ३० सेकंद आकडे मोजायला लावले, तेवढ्यात शेवटच्या शब्दांचा फायदा गेला, सुरुवातीचे टिकले. म्हणून वही मिटल्या मिटल्या म्हणून बघू नकोस, चहा मारून ये, मग कोऱ्या कागदावर लिही. सुरुवातीचं टिकतं कारण मनातल्या मनात त्याचीच उजळणी जास्त होते, तर तू चारपासूनच सुरू कर, ४ ते १२ आणि मग १ ते ३, नंबरासकट म्हणायचं म्हणजे क्रम हलत नाही. उद्या सहापासून. आणि ५-६ जोडीने धर, दोन्ही आदिवासी भागांचीच, सहावं फक्त ईशान्येतल्या चार राज्यांचं.

धागाकर्ता: चारपासून सुरू करायचं डोक्यातच नव्हतं आलं, आज रात्रीच बघतो. आठव्यातल्या २२ भाषांचं काय पण? तिथे नंबर कोणी विचारत नाही.

प्रतिसाद १: मग सोपंय, चिठ्ठ्या कर आणि दर वेळी पिसून घे.