मदत हवी आहे: आईसाठी न्हाणीत आणि संडासात पकडायचे दांडे नेमके कुठं बसवावे?

नमस्कार मंडळी, दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यातून लिहितो आहे. थोडं लांबेल, पण नीट वाचून सांगा कारण एकदा भिंतीला भोकं पाडली की परत परत पाडता येत नाहीत.

आई ७४ वर्षांची आहे. दीड महिन्याआधी आंग धुवून पाटावरून उठताना तिचा पाय सटकला, आधाराला तिनं नळाची तोटी धरली तर तोटी उपटून हातात आली आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं. आम्ही धावत गेलो तर पाण्याची धार भिंतीवर उडत होती आणि ती तशीच फरशीवर बसून लुगडं सावरत होती, मले म्हणे "बाबू, आंधी पानी बंद कर, टाकी खाली होईन." परवा प्लास्टर निघालं. हाताला जोर नाही अजून, मूठ पूर्ण वळत नाही. आता एकटीनं आंग धुवायला जायचं म्हणते आणि तिथंच माझा जीव अडकला आहे, कारण ती कोणाला आत येऊ देत नाही. सुनेलाही नाही.

आता जागा सांगतो. न्हाणी आणि संडास दोन्ही मागच्या आंगणात, घरापासून वीसेक पावलं. न्हाणी जुनी आहे, ९ इंची विटांची भिंत, आतून कमरेपर्यंत टाइल्स आणि वर प्लास्टर, खाली शहाबादी फरशी, दाराशी पाणी अडवायला चार इंचाचा उंबरठा. संडास योजनेतले १२००० रुपये भेटले तेव्हाचा, भिंत ४ इंची, साधं देशी भांडं. आमची जमीन काळी, उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते, संडासाच्या एका कोपऱ्यात भिंतीला बोट जाईल एवढी चीर आहे. वरून खारपाणपट्टा, बोअरचं पाणी खारं, नळावर सहा महिन्यांत पांढरा थर चढतो आणि लोखंडाचं तर विचारूच नका.

गावातला मिस्त्री म्हणते दाराजवळ एक आणि नळाच्या वर एक आडवा दांडा ठोकून देतो, साडेतीन फुटावर, झालं. आई चार फूट दहा इंच आहे, तिच्यासाठी ते जास्त उंच नाही होणार का? आणि ४ इंची भिंत तिचं वजन पेलेल का? आडवा पाहिजे की उभा? तालुक्याच्या दुकानात रबरी चकतीनं भिंतीला चिकटणारा दांडा पाहिला, भोकं पाडायची गरज नाही म्हणतात, तो घेऊ का? कोणी स्वतःच्या घरी बसवले असतील तर कृपा करून सांगा.

प्रतिसाद:
चिकटणारा अजिबात घेऊ नका भाऊ. आमच्या वडिलांसाठी आणला होता, आठ दिवस चांगला राहिला आणि मग एक दिवस बादलीत पडलेला सापडला. नशीब त्या वेळी कोणी धरलेला नव्हता. आतली हवा हळूहळू शिरते, वरून कळत नाही. टॉवेलचा दांडासुद्धा आधाराचा नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, तो फक्त टॉवेलच्या वजनाचा असतो.

प्रतिसाद:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, यवतमाळला. दादा, मिस्त्रीला बोलवायच्या आधी एक काम करा. सकाळी उजेडात न्हाणीत जा आणि भिंतीकडे बघा. म्हातारी माणसं रोज जिथं हात टेकवतात तिथं तेलाचा, हाताचा काळपट डाग पडलेला असतो. दांडा तिथं लागतो. आपण आपल्या सोयीनं बसवला तर घाईच्या वेळी हात सवयीच्या जागीच जातो, दांड्याकडे जात नाही. मग आईंना कपडे घालूनच कोरड्या न्हाणीत न्या, पाटावर बसवा, उठायला सांगा, हात कुठं जातो तिथं खडूनं खूण करा. घाई करू नका, दोन-तीन वेळा करून बघा.

उंचीचं म्हणाल तर उभं राहून हात सरळ खाली सोडला की मनगट जिथं येतं, चालताना धरायचा आडवा दांडा साधारण त्या उंचीला. बाहेरच्या देशांत सार्वजनिक जागी ३३ ते ३६ इंच धरतात, तुमच्या आई ठेंगण्या आहेत तर त्यांच्या मनगटावरूनच घ्या. साडेतीन फूट म्हणजे ४२ इंच, तिथं त्यांना जोरच लावता येणार नाही.

आडवा दांडा दाबून उठायला, उभा दांडा ओढून तोल धरायला. उंबरठा ओलांडताना उभा लागतो, दाराच्या चौकटीला लागून, म्हणजे एक पाय आत एक पाय बाहेर असताना हात सुटत नाही. तिरपा बसवू नका, साबणाचा ओला हात त्याच्यावरून खाली घसरतो. उजवं मनगट अजून कच्चं आहे तर मुख्य दांडा डाव्या हाताला येईल असा ठेवा.

आणि पाट बंद करा. खरं संकट पाट आहे. एवढ्या खालून उठायचं म्हणजे सगळा भार हातावर. पायांना रबर असलेला मजबूत स्टूल किंवा पाठ असलेली आंघोळीची खुर्ची द्या.

धागाकर्ता:
ताई, तुमचं वाचून लगेच न्हाणीत गेलो. डाग आहेत. खरंच आहेत. एक दाराच्या डाव्या बाजूला, प्लास्टरवर, पंजाएवढा, मधोमध गुळगुळीत झालेला. दुसरा पाटाच्या डाव्या भिंतीवर, टाइल्सच्या सांध्यात चारही बोटांच्या जागा काळ्या पडल्या आहेत. तिसरा नळाच्या मागं. म्हणजे ती रोज तोटीचाच आधार घेत होती, त्या दिवशी फक्त तोटी निघाली. मी रोज त्याच न्हाणीत आंग धुतो आणि मले हे कधी दिसलं नाही, रात्रभर तेच डोक्यात होतं.

पाटाचं बोललो तर आई म्हणे "खुर्चीवर बसून आंग धुतात काय कोनी?" समजावतो आहे.

प्रतिसाद:
भाऊ मी अकोल्याकडं पंचवीस वर्षं प्लंबिंगचं काम करतो, बसवायचं कसं ते मी सांगतो. ९ इंची भिंतीत अडचण नाही. टाइल्सवर आधी चिकटपट्टी लावा म्हणजे ड्रिल सरकत नाही, टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर (ठोके मारणं) बंद ठेवा, नाही तर टाइल तडकते, वीट लागली की मग हॅमर चालू. भोक टाइलच्या काठाला नको. वीट जुनी भुसभुशीत असली तर साध्या प्लास्टिक गिट्टीवर भरवसा ठेवू नका आणि फुगणारा फास्टनरही विटेला फोडते, त्या ठिकाणी केमिकल अँकर (भोकात भरल्यावर दगडासारखा घट्ट होणारा लगदा) भरा, जाळीच्या नळीसकट. मिस्त्रीला नवीन असेल तर तालुक्यातून माणूस आणा. शेवटी बुडाशी सिलिकॉन फिरवा, खारं पाणी आत गेलं की स्क्रू आतून सडतो आणि वरून दांडा चकाचक दिसतो.

संडासाच्या ४ इंची भिंतीला फास्टनर लावूच नका. आरपार बोल्ट टाका आणि बाहेरून सहा इंच बाय सहा इंच जाड पत्र्याची प्लेट द्या, जोर एका विटेवर न येता पसरतो. पण तुम्ही चीर सांगितली, त्या भिंतीला तर काहीच लावू नका. तिथं जमिनीतून पाय काढलेला दांडा करा, पाइप फूटभर खोल काँक्रीटमध्ये गाडायचा आणि वरून वळवून फक्त चांगल्या भिंतीला टेकवायचा. खड्डा खणताना पाण्याचा आणि मैल्याचा पाइप कुठून गेला ते आधी पाहा.

माल एसएस ३०४ चाच घ्या, म्हणजे ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टील. २०२ नंबरचं स्वस्त भेटते पण आपल्या पट्ट्यात वर्षभरात लाल ठिपके पडतात. लोहचुंबक लावून फरक कळत नाही, दोन्हीला चिकटत नाही, म्हणून बिलावर ३०४ लिहून घ्या. जाडी सव्वा ते दीड इंच, म्हणजे आईची मूठ पूर्ण वळली पाहिजे. भिंतीपासून दीड इंच अंतर ठेवा, जास्त ठेवलं तर हात घसरून कोपरापर्यंत आत अडकू शकते.

प्रतिसाद:
संडासात देशी भांडं आहे तर दांड्यासोबत त्याच्यावर ठेवायची कमोड खुर्चीही बघा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना ३००० रुपये एकदाच थेट खात्यात भेटतात, त्यात कमोड खुर्ची बसते. घरचं वर्षाचं उत्पन्न २ लाखांच्या आत पाहिजे. अर्ज सध्या घेत आहेत का ते जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा. आणि दाराची कडी आतून लावू देऊ नका, आत कोणी आहे हे कळायला बाहेर पाटी लटकवा. दार आत उघडत असेल तर बाहेर उघडेल असं करून घ्या, माणूस दाराला अडून पडला की आत जाताच येत नाही.

धागाकर्ता (नऊ दिवसांनी):
काम झालं, सगळ्यांना सांगतो. न्हाणीच्या दाराशी डाव्या बाजूला दोन फुटांचा उभा दांडा, बरोबर त्या डागावर. बसायच्या जागेच्या डाव्या भिंतीवर आडवा, २९ इंचावर, आईचं मनगट तिथंच येते. मिस्त्रीनं आधी तोंड वाकडं केलं होतं, पण आईनं स्वतः खडूनं रेघ मारून दिली तर मग त्यानं काही म्हटलं नाही. नळ उजवीकडच्या कोपऱ्यात सरकवला, हात जाईल असं तिथं काहीच ठेवलं नाही. दार बाहेर उघडणारं केलं. बसवल्यावर दोन दिवस कोणाला हात लावू दिला नाही, मग मी दोन्ही दांड्यांना पूर्ण लोंबकळून पाहिलं, माझं वजन ८१ किलो आहे, हलले नाहीत. फरशी बायकोनं ब्लीचिंग टाकून दोनदा घासली, शेवाळ गेलं. आंगणात दिवा लावला, चार्जिंगचा, लाइट गेली तरी चालते.

काल आई पहिल्यांदा एकटी गेली. मी बाहेर तुळशीजवळ उभा होतो, आतून पाण्याचा आवाज ऐकत. बाहेर आल्यावर काही बोलली नाही, फक्त दाराच्या दांड्यावर पाणी राहिलं होतं ते पदरानं पुसलं.

संडासाचा जमिनीतला पाइप पुढच्या आठवड्यात. आंघोळीच्या खुर्चीला आई हो म्हणाली, पण उंची किती घ्यायची? दुकानदार १५, १७ आणि १९ इंच म्हणते.

प्रतिसाद (यवतमाळ):
आईंना खाटेच्या कडेवर बसवा, पाय जमिनीला टेकलेले. गुडघ्याच्या मागच्या वळीपासून जमिनीपर्यंत टेपनं मोजा. जेवढं भरेल त्यापेक्षा एक-दोन इंच जास्त घ्या, उठायला सोपं जातं, पण टाच उचलली जाता कामा नये.

धागाकर्ता:
आत्ताच मोजलं ताई. साडेपंधरा भरलं. १७ ची सांगतो.