मदत हवी आहे: कमोडोर ६४ च्या लिस्टिंगमधला उलट्या रंगातला बदाम कसा छापायचा?

नमस्कार मंडळी. मामांनी तरुणपणी कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकावर बेसिक भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या लिस्टिंगची, म्हणजे त्यांच्या ओळींची, पुस्तिका करतोय, त्यांच्या पंचाहत्तरीला द्यायला. अडलोय पेटस्की चिन्हांपाशी, म्हणजे कमोडोरच्या स्वतःच्या अक्षरसंचातल्या चित्रचिन्हांपाशी.

त्या कीबोर्डवर प्रत्येक अक्षराच्या कळीच्या पुढच्या अंगाला दोन चित्रं असत. शिफ्ट धरलं की उजवं, कमोडोरची कळ धरली की डावं. शिफ्ट आणि एस म्हणजे बदाम. अशी साधी चिन्हं मिळतात, रेषा-ठोकळ्यांपैकी बरीच २०२० च्या युनिकोड १३ मध्येही (संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात) आली.

खरी पंचाईत अवतरणचिन्हांच्या आतल्या चिन्हांची. स्क्रीन पुसायची आज्ञा तिथे उलट्या रंगातला बदाम होऊन बसते. व्हाइस या कमोडोरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत पेटकॅट नावाचं साधन येतं, त्याने प्रोग्रॅमचा मजकूर काढला तर त्या जागी महिरपी कंसात नुसतं 'क्लर' येतं. मामांचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम त्याच बदामाने सुरू होतो, मला तो जसाच्या तसा हवाय.

८ बाय ८ ठिपक्यांची ही सगळी चिन्हं, उलट्या रंगातलीसुद्धा, असलेला आणि पीडीएफमध्ये नीट उतरणारा फाँट कुणी वापरलाय का? की प्रत्येक ओळीचं चित्रच टाकावं? छपाईला द्यायला तीन आठवडे आहेत.