जर्मनीत नव्याने आल्यावर किराणा: तुम्ही पैसे कसे वाचवलेत?

हिवाळी सत्र जवळ आलं की आपल्याकडची बरीच मुलं-मुली जर्मनीत उतरतात. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं बँक खातं) महिन्याला ठरावीकच रक्कम सुटते. घरभाडं आणि आरोग्यविम्याचा हप्ता यांना कात्री लावता येत नाही. कात्री लागते ती किराण्याला, आणि पोटाला चिमटा न काढताही तिथे बरंच वाचतं. म्हणून जुन्या मंडळींनी आपापले अनुभव इथे लिहावेत. गावाचं नाव द्या, कारण बर्लिनमध्ये मिळतं ते छोट्या गावात मिळेलच असं नाही.

सुरुवात मी करते (श्टुटगार्ट). फळीवरच्या किमतीच्या चिठ्ठीवर मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा दर असतो. तो छापणं दुकानाला कायद्याने भाग आहे. मी तेवढाच वाचते. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त पडतं असं नाही, आणि ‘सवलत’ लिहिलेल्या मालाशेजारी त्याहून कमी दराचा माल बसलेला असतो. दुकानांचे स्वतःचे ब्रँड, म्हणजे रेवेचा ‘या!’, एडेकाचा ‘गुट उंड ग्युन्स्टिग’, बहुतेकदा सगळ्यात खालच्या फळीवर ठेवतात. वाकून बघाच. मीठ, साखर, दूध, टोमॅटोचे डबे यांत मला चवीचा फरक जाणवलेला नाही.

आखेन, विद्यार्थी
आम्ही चौघं एकत्र राहतो. तांदूळ आणि कणीक भारतीय दुकानातून दहा-दहा किलोच्या पिशव्यांत आणतो आणि वाटून घेतो. बाकी सगळं आल्डी नाहीतर लिडल या स्वस्त सुपरमार्केटांतून. मसूर डाळ तिथेच ‘रोटे लिन्झेन’ म्हणून मिळते, त्यासाठी वेगळी चक्कर नको. रव्यासाठी ‘वाइखवाइत्सनग्रीस’ घ्या, शिरा-उपमा दोन्ही छान होतात. मऊ भाताची आठवण आली की ‘मिल्शराइस’ नावाचा आखूड, गोल दाण्याचा तांदूळ. पुलावाला तो चालत नाही, पण वरण-भात, लिंबू, तूप घेऊन बसलात की समाधान होतं. बटाट्याच्या पिशवीवर ‘मेलिशकोखेंड’ लिहिलंय ना ते बघा, वड्याच्या सारणाला तोच भुसभुशीत बटाटा लागतो.

फ्रँकफर्ट, लेकीकडे आलेली आई
मुलांनो, तुपाची बरणी विकत घेऊ नका. अडीचशे ग्रॅमची लोण्याची वडी मिळते, तिच्यावर ‘झाउअररामबुटर’ असेल ती घ्या. ते विरजलेल्या सायीचं लोणी, त्यामुळे तुपाला आपल्या घरचा वास येतो. मंद आचेवर कढवायचं, बेरी तांबूस झाली की लगेच गाळायचं. बेरी टाकू नका, कणकेत घाला. श्रीखंडासाठी चक्का बांधत बसायचीही गरज नाही. तुर्की दुकानात ‘स्युझ्मे’ म्हणून घट्ट, निथळलेलं दही डब्यात मिळतं. साखर, वेलची आणि थोडं जायफळ घातलं की पाडव्याचं काम झालं. साध्या दुकानातला ‘क्वार्क’ (चक्क्यासारखं मऊ, ताजं चीज) ही चालतो, पण बिनसायीचा घेऊ नका, कोरडा लागतो. लेक आधी बाहेरून श्रीखंडाचे डबे मागवायची, त्याच्या कितीतरी कमी पैशांत हे होतं.

लाइपझिश
नळाचं पाणी प्या. बाटल्यांचं पाणी उचलून आणण्यात पैसेही जातात आणि खांदेही. तरी बाटली घेतलीच, तर अनामत परत घ्यायला विसरू नका: एकदाच वापरायच्या बाटलीला आणि कॅनला 25 सेंट, पुन्हा भरायच्या बिअरच्या बाटलीला बहुधा 8, पाण्याच्या बाटलीला बहुधा 15. बाटली चेपू नका, लेबल फाडू नका, नाहीतर यंत्र घेत नाही.

बर्लिन
मायबाखउफरचा तुर्की बाजार मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो. संध्याकाळी आवराआवर सुरू झाली की भाव पडतात, आणि आंबे, वांगी, टोमॅटो अख्ख्या खोक्याने निघतात. कोथिंबिरीची जुडी तुर्की दुकानातूनच घ्या, सुपरमार्केटमधल्या कुंडीतल्या चार काड्यांत आमटी सजत नाही.

‘टू गुड टू गो’ अ‍ॅपवर बेकरीवाले संध्याकाळी उरलेला माल कमी किमतीत देतात, पण पिशवीत काय येईल ते आधी कळत नाही. फुडशेअरिंगची कपाटं आणि फ्रिज शहरभर आहेत, तिथून कोणीही अन्न नेऊ शकतं. संकोच करू नका, ते अन्न फेकलं जाऊ नये म्हणूनच ठेवलेलं असतं. पाकिटावरच्या तारखेचे दोन प्रकार असतात: एक ‘या तारखेपर्यंत चव-दर्जाची हमी’, दुसरी ‘या तारखेपर्यंतच खा’. पहिली उलटलेलं दही बघून, वास घेऊन बिनधास्त खाता येतं. दुसरी मांसावर, खिम्यावर असते, तिच्याशी खेळू नका.

डॉर्टमुंड
बर्लिनकरांचं पटतं, पण नोकरी, लहान मूल आणि बाजार एका टोकाला असेल तर प्रत्येक युरोमागे धावण्यात अर्थ नाही. मी एकच दुकान धरलंय, आठवड्याची यादी करून शनिवारी सकाळी जाते. रविवारी दुकानं बंद, आणि स्टेशनवरच्या दुकानात तीच वस्तू महाग पडते, म्हणून शनिवार चुकवायचा नाही. भाजी हंगामाचीच घेते: हिवाळ्यात कोबी, गाजर. भाकरी-थालीपिठाची हौस राय (‘रोगेन’) या धान्याच्या पिठात गव्हाचं अख्खं पीठ आणि थोडं बेसन घालून भागते. तूरडाळ, पोहे आणि चिंच मात्र भारतीय दुकानातूनच. त्यांचा पर्याय शोधून मन मारू नका.

हँबर्ग, मूळचा रत्नागिरीचा
मासळीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. इथला बांगडा आपल्यापेक्षा तेलकट, पण तिरफळ घालून केलेल्या आमटीत उत्तम. हिवाळ्यात तुर्की दुकानांत हम्सी येतात, मांदेलीच्याच जातकुळीतल्या. रवा लावून कुरकुरीत तळा. रविवारी पहाटे फिशमार्क्टला जायचं, साडेनऊला बाजार उठतो. शेवटी फळांच्या टोपल्या हाका मारून स्वस्तात देतात. मासळी मात्र आधीच घेऊन ठेवावी, कारण चांगली तोपर्यंत संपते.

म्युनिक
भारतातून बॅग भरणाऱ्यांसाठी: डाळ-तांदळाने वजन वाढवू नका, इथे मिळतात. गोडा मसाला, मेतकूट, कोकम, लसणाची सुकी चटणी आणा. तूप, पेढे, पनीर, मांस आणू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आणता येत नाहीत, सापडले तर जप्त होतात. ताजा कढीपत्ताही विना प्रमाणपत्र आणता येत नाही. सावलीत वाळवलेला इथल्या भारतीय दुकानात मिळतो, आणि ताजा आला की जास्त घेऊन फ्रीझरमध्ये ठेवायचा, फोडणीत सरळ गोठलेलाच टाकायचा.