इयत्ता दुसरी, मराठी माध्यम (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा, कर्नाटक): ऐकलेली संख्या उलटी लिहिली जाते, मदत हवी आहे

नमस्कार. माझी मुलगी खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत दुसरीत शिकते. तिचे वाचन चांगले आहे. जोडाक्षरे असलेला अनोळखी उताराही ती सावकाश, पण अर्थ समजून वाचते, आणि परिसर अध्ययनातील प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत सांगते. अडचण गणितात आहे आणि तीही एकाच ठिकाणी. मांडून दिलेली बेरीज-वजाबाकी ती बरोबर करते, मात्र संख्या तोंडी सांगून लिहायला लावली की अंकांची अदलाबदल होते. बासष्ट सांगितले की २६, चौऱ्याहत्तर सांगितले की ४७. एकोणसाठ म्हटले तर कधी ६१, कधी ६९. तीच संख्या पाटीवर लिहून दाखवली तर ती अचूक वाचते, त्यामुळे तिला संख्या ओळखता येत नाहीत असे मला वाटत नाही.

मी मूळची महाराष्ट्रातल्या चंदगडची असल्याने मला कन्नड लिहिता-वाचता येत नाही. यजमान बेळगावला उद्यमबागेत कामाला आहेत आणि घरी यायला त्यांना उशीर होतो, म्हणून अभ्यास मीच घेते. शाळेत मराठीबरोबर कन्नड आणि इंग्रजीही शिकवतात. कन्नड भाषा शिक्षणाचा कायदा २०१५ साली झाला, तेव्हापासून कन्नड हा विषय सक्तीचा आहे, आणि इथे वाढणाऱ्या मुलीला ती भाषा यायलाच हवी याबद्दल माझे दुमत नाही. परंतु एकच संख्या तीन भाषांत कानावर पडल्यामुळे तर तिचा गोंधळ होत नसेल ना, ही शंका मनातून जात नाही. ओळखीचे काही जण तिला इंग्रजी माध्यमात घालण्याचा सल्ला देतात. तो मला मान्य नाही, कारण जी मुलगी मराठीत इतक्या आनंदाने वाचते तिची भाषा एवढ्याशा कारणाने बदलावी असे मला वाटत नाही.

शिकवणीच्या बाई १ ते १०० अंक पुन्हा पुन्हा लिहून आणायला सांगतात. त्याचा उपयोग होईल का? चंदगडला माझ्या भावाच्या मुलाला ‘साठ दोन बासष्ट’ असे वाचायला शिकवले होते. ती पद्धत इथे वापरली तर शाळेतल्या शिकवण्याशी विसंगत होईल का? आणि दुसरीच्या अखेरीस मुलांना नेमके किती यावे अशी अपेक्षा असते? प्राथमिक शिक्षकांनी किंवा या अनुभवातून गेलेल्या पालकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (निवृत्त प्राथमिक शिक्षक, निपाणी)

ताई, नमस्कार. आपण चुकांची उदाहरणे दिली हे फार चांगले केले, कारण अडचणीचे मूळ त्यांतच दिसते. ‘बासष्ट’ या शब्दात दोन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर; मुलगी ऐकलेल्या क्रमाने लिहिते, म्हणून २६ होतात. ‘एकोणसाठ’ तर त्याहून अवघड, कारण तिथे साठातून एक वजा करायचा असतो आणि लिहिताना मात्र पाच आधी येतो. दुसरीच्या वर्गात ही चूक मी दरवर्षी पाहत आलो, आणि ज्या मुलांना घरीदारी मराठीखेरीज दुसरी भाषा नव्हती तीही ती करत. त्यामुळे दोष कन्नडचा नाही.

उलट कन्नडची इथे मदतच होते. कन्नडमध्ये बासष्टला ‘अरवत्तेरडु’ म्हणतात, म्हणजे अरवत्तु (साठ) आधी आणि एरडु (दोन) नंतर. एकोणसाठला ‘ऐवत्तोंबत्तु’, म्हणजे पन्नास आणि नऊ. बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम एकच. इंग्रजीत ‘सिक्स्टी टू’ सरळ असले तरी ‘फोर्टीन’मध्ये चार आधी येतात, कन्नडमध्ये ‘हदिनाल्कु’ म्हणतानाही दहाच आधी असतात. मुलीला तिन्ही नावे माहीत असतील तर ‘बासष्टला कन्नडमध्ये काय म्हणतात?’ एवढेच विचारावे आणि मग लिहायला सांगावे.

‘साठ दोन’ ही पद्धत याच कारणासाठी आली. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ती दिली गेली, तेव्हा गणितज्ञ मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा होत्या, आणि तिच्यावरून महाराष्ट्राच्या विधिमंडळापर्यंत वाद गेला. आपल्याकडील पुस्तके कर्नाटकाची असली तरी पायरी म्हणून ती घरी वापरायला हरकत नाही. मात्र ‘बासष्ट’ हा शब्द सोडू नये, बाजारात आणि घरात तिला तोच ऐकायचा आहे.

पुन्हा पुन्हा १ ते १०० लिहून हा प्रश्न सुटणार नाही, कारण ओळीने लिहिताना मूल मागचा अंक पाहून पुढचा लिहिते, ऐकून लिहीत नाही. शिवाय पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये असे कर्नाटकाच्या शिक्षण खात्याचे २०१९ चे परिपत्रकच आहे. त्याऐवजी काजूच्या बिया किंवा चिंचोके घ्या आणि दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधा. आपण ‘बासष्ट’ म्हणावे, तिने आधी सहा पुरचुंड्या डाव्या हाताला ठेवाव्यात, मग दोन सुट्या बिया उजवीकडे, आणि त्यानंतरच पाटीला हात लावावा. एकोणसाठसाठी सहा पुरचुंड्या मांडून त्यातली एक उघडायला लावा आणि त्यातली एक बी काढून घ्या. पाच पुरचुंड्या आणि नऊ सुट्या उरलेल्या तिला स्वतःला दिसल्या पाहिजेत. हे सांगून कळत नाही.

अपेक्षेबद्दल: केंद्राच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचणे, ९९९ पर्यंतच्या संख्या वाचणे-लिहिणे आणि ९९ पर्यंतची वजाबाकी करणे अपेक्षित आहे. दशक पक्का झाल्याशिवाय शतकाकडे जाऊ नये.

प्रतिसाद (पालक, वडगाव)

गुरुजींच्या सांगण्यात एक भर घालते. कन्नड संख्यांची नावे देवनागरीत लिहून पाठ करू नका. ‘एरडु’तला ए ऱ्हस्व आहे आणि ‘एळु’तला (सात) दीर्घ, कन्नड लिपीत त्यांची अक्षरे वेगळी आहेत, पण आपल्या लिपीत तो फरक दिसत नाही. ती नावे मुलीकडूनच ऐकून शिका, तिलाही त्यात आनंद वाटेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कन्नडमुळे गोंधळ होत असावा या समजुतीने मी तिला संख्या फक्त मराठीतच विचारत होते. आता तिन्ही भाषांत विचारेन. एक शंका राहिली: पाढे मराठीतच चालू ठेवावेत ना?

प्रतिसाद (निवृत्त प्राथमिक शिक्षक, निपाणी)

अवश्य. ‘बे एके बे’ची लय मराठीतच सहज तोंडात बसते. सध्या दोन, पाच आणि दहाचे पाढे घ्या, आणि पाच पुरचुंड्या मोजताना ती ‘दहा पाचे पन्नास’ म्हणेल असे पाहा.