मदत हवी आहे : मातीचा प्रकल्प केला, आता गुण कसे द्यायचे?

नमस्कार मंडळी. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. यंदा नववीला शेतीचा धडा वाचून दाखवला नाही, प्रश्नच दिला: आपल्या भातशेताला खत नेमकं किती लागतं?

कापणीनंतर मुलांनी १५ ते २० सेंमी खोल खड्डे खणले, काठावरून वरपासून खालपर्यंत सारखी माती कापली आणि गोणपाटावर मिसळली. चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवली. "शेणाच्या ढिगाजवळची घेऊ नका गं," हे एका मुलीच्या आजीनं बांधावरून सांगितलं. पुस्तकातही तेच आहे! फार आनंद झाला त्या दिवशी.

माती तपासणीचा अहवाल कन्नडमध्ये आला. मुलांना वाचता येतो, पण घरी आजोबांना सामू (माती आम्ल की अल्क ते दाखवणारा आकडा, pH), सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून, शेणखतातून येणारा कार्बन), पालाश (पोटॅश) मराठीत समजावताना ती अडतात. शब्दांची कन्नड-मराठी यादी कुणी केलीय का?

दुसरं, गुण. प्रत्येक गटात दोघं-तिघंच राबतात. आणि काही मुलं मळणीमुळे आलीच नाहीत. त्यांचे गुण कापायला हात धजत नाही, ती तर शेतातच होती. निपाणी, चिक्कोडीकडच्या शिक्षकांनो, तुम्ही काय करता?